पटावरचा नाग आणि रानातला नाग

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा कार्यवाह महोदयांनी नुकताच सविस्तर घेतला असल्याने मला थोडी मोकळीक मिळाली आहे. तिचा लाभ घेऊन मी आज आपल्याशी एका नागाविषयी बोलणार आहे. हा नाग गेले दीड वर्ष आपल्या शाळेच्या ग्रंथालयात राहतो. आपल्यापैकी काही पालकांनी त्याच्याविषयी मला पत्रे लिहिली आहेत, काहींनी कार्यालयात येऊन नाराजीही व्यक्त केली आहे. त्या सर्वांना एकदाच आणि सर्वांसमक्ष उत्तर द्यावे, हाही या भाषणामागील हेतू आहे.

ज्यांच्या कानावर हे प्रकरण आलेले नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. आठवी आणि नववीची काही मुले शनिवारी शेवटच्या दोन तासिकांना ग्रंथालयात एक खेळ खेळतात. या खेळात प्रत्येक जण एक भूमिका घेतो. कोणी धनुर्धर होतो, कोणी वैद्य, कोणी वाटाड्या. एक जण सूत्रधार असतो. तो कथा पुढे नेतो, समोर रान आहे की नदी हे सांगतो आणि वाटेत कोण भेटले तेही सांगतो. खेळाडू काय करायचे ते ठरवतात आणि ते साधले की फसले, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. या जातीचा पहिला छापील खेळ, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी प्रसिद्ध केला. आपल्या मुलांपर्यंत तो कोणाच्या तरी बंगळुरातल्या आतेभावाकडून आला. शाळेने तो आणलेला नाही, हे मी आरंभीच स्पष्ट करते. शाळेने त्याला एक टेबल आणि दोन तासिका दिल्या, एवढेच.

या खेळात वाटेत जी संकटे भेटतात, त्यांची एक मोठी सूची असते. १९७७ साली तिचा स्वतंत्र ग्रंथच निघाला. जगभरच्या लोककथांतले, पुराणांतले अक्राळविक्राळ प्राणी त्यात एकत्र आणलेले आहेत आणि त्यात आपला नागही आहे. नाव 'नाग' असेच. देह सर्पाचा, मुख माणसाचे. त्याचे तीन प्रकार दिले आहेत : एक राखण करणारा सज्जन, एक दुष्ट आणि एक पाण्यात राहणारा तटस्थ. अलीकडच्या आवृत्तीत तर हा नाग मारला तरी काही दिवसांत पुन्हा जिवंत होतो. मुलांनी मला ते पान मोठ्या कौतुकाने दाखवले. परक्यांच्या पुस्तकात आपला शब्द सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. मीही ते पान कुतूहलाने वाचले. त्याची उंची, लांबी, त्याला किती घाव सोसतात, त्याच्यापाशी किती धन सापडेल, सारे तपशील होते. वारूळ मात्र नव्हते. श्रावण नव्हता. तो का रागावतो, याविषयी एक अक्षरही नव्हते.

नागाची ही अवस्था प्रथमच झाली आहे, असे मात्र नाही. आपण सर्वांनी लहानपणी खेळलेली सापशिडी आठवा. आपल्या परंपरेत तिचे नाव मोक्षपट, आणि महाराष्ट्रात ती ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडली जाते. दक्षिणेत हाच पट 'परमपद सोपान' म्हणून ओळखला जातो आणि वैकुंठ एकादशीच्या जागरणाला आजही खेळला जातो. या जुन्या पटांवर सापांना नावे असत. एखादा साप अहंकाराचा, एखादा लोभाचा, कुठे एखाद्या असुराचाच. सोंगटी खाली घसरली की आपल्याला नेमके कोणी गिळले, हे मुलाला वाचता येई. १८९२ च्या सुमारास हा खेळ इंग्लंडात विकला जाऊ लागला. (योगायोग असा, की आपले म्हैसूरचे प्राणिसंग्रहालयही त्याच साली सुरू झाले.) तिथे सापांची नावे आधी बदलली आणि मग पुसलीच गेली. पुढे अमेरिकेत तर सापच गेले आणि त्यांच्या जागी घसरगुंड्या आल्या. आज दुकानात मिळणाऱ्या सापशिडीवरचा साप हिरव्या-पिवळ्या रंगाचा, हसरा आणि निनावी असतो. त्याने गिळले काय आणि न गिळले काय, मुलाला त्याचे काहीच वाटत नाही.

खेळात नाग असणे हे आपल्याकडे नवे नाही, हे सांगण्यासाठी आणखी एक दाखला देते. अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त गंजिफ्याच्या बारा रंगांच्या एका संचाचे वर्णन आहे. त्यात अश्वपती, गजपती, नरपती अशा राजांबरोबर असुरपती आहे, वनपती आहे आणि शेवटी अहिपती, म्हणजे सर्पांचा राजा आहे. सोळाव्या शतकातल्या त्या पत्त्यांत रानाचा स्वामी आणि सर्पांचा स्वामी शेजारी शेजारी बसले होते. आपल्यापैकी सावंतवाडीकडच्या मंडळींना गंजिफा ठाऊक असेलच. तिथल्या राजवाड्यात ती कला अजून जिवंत आहे. म्हैसूरचे तर विचारायलाच नको. मुम्मडी कृष्णराज वडेयर यांना पटावरच्या खेळांचा विलक्षण नाद होता. 'श्रीतत्त्वनिधी'च्या कौतुकनिधी या भागात त्यांनी खेळांचा संग्रहच करून ठेवला आणि जगन्मोहन राजवाड्याच्या रंगमहालात भिंतींवर पट रंगवलेले आहेत. रामसन्स कला प्रतिष्ठान 'क्रीडा कौशल्य' या नावाने जुन्या खेळांची प्रदर्शने भरवते. तिथे आपल्या मुलांची सहल आम्ही नेली होती. तेव्हा ज्या शहरात राजे खेळ रचत होते, त्या शहरातल्या शाळेत मुलांनी एक खेळ रचला तर ते अशैक्षणिक आहे, असे म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे.

आता मूळ प्रसंगाकडे येते. मुलांनी इंग्रजी पुस्तकातल्या नागाला नाकारले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोणी सांगितले म्हणून त्यांनी तो नाकारला नाही. खेळताना तो त्यांना कंटाळवाणा वाटला, म्हणून नाकारला. नववीतली एक मुलगी मला म्हणाली, "बाई, त्याला मारलं की तो मरतो, नाहीतर आम्ही मरतो. मधे काहीच होत नाही." मग त्यांनी आपला नाग स्वतःच रचायचे ठरवले. मी एकच अट घातली. त्याचे वर्णन शुद्ध, सलग मराठीत झाले पाहिजे आणि त्यातली प्रत्येक गोष्ट घरातल्या कोणा वडीलधाऱ्याला विचारून आलेली असली पाहिजे.

आपल्या शाळेच्या पालकवर्गाची घडण आपण जाणताच. विटा-आटपाडीकडून गलाईच्या व्यवसायासाठी दक्षिणेत उतरलेली कुटुंबे आहेत. कैक पिढ्यांपूर्वी इथे आलेले भावसार आणि नामदेव शिंपी समाजातले लोक आहेत, ज्यांच्या घरातली मराठी पुण्याच्या माणसाला चटकन कळायची नाही. बँकेच्या, रेल्वेच्या बदलीवर आलेले आहेत, कारवार-बेळगावचे आहेत, सिंधुदुर्गातले आहेत. मुलांनी दोन आठवड्यांत या साऱ्या घरांतून नाग गोळा केले. सांगली जिल्ह्यातल्या एका आजीने बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीचे वर्णन सांगितले, पूर्वी जिवंत नागांची मिरवणूक कशी निघे तेही सांगितले. आता वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि न्यायालयाच्या आदेशांनी त्याला बंधने आली आहेत. त्याविषयी आजींना हळहळ होती. नातवाने मात्र वहीत लिहिले, 'नागाला बरे वाटले असेल.' कोकणातल्या घरांतून राखणदार आला, जुन्या घराच्या, पुरलेल्या धनाच्या किंवा देवराईच्या सीमेवर बसलेला, दिसला तर हात जोडून वाट सोडायची असा. गोव्याकडच्या एका पालकांनी सातेरी सांगितली, जिचे रूपच वारूळ. आणि म्हैसुरातल्या मुलांना पिंपळाच्या पारावरचे नागरकल्लु वेगळे सांगायला नकोत. दोन नाग एकमेकांत गुंफलेले ते दगड शाळेच्या वाटेवरच आहेत.

नागपंचमीची कहाणी तर सात-आठ घरांतून आली, आणि प्रत्येक घराची थोडी वेगळी. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिले सापडून मरतात. नागीण सूड घेते, सारे घर दंश करून मारते. मग तिला कळते की एक मुलगी परगावी नांदते आहे. ती तिकडे जाते, तर ती मुलगी पाटावर चंदनाचे नाग काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवून पूजा करीत असते. नागिणीचा राग निवतो. ती अमृत देते आणि मेलेले माहेर उठून बसते. आपण ही कहाणी लहानपणापासून ऐकतो, म्हणून तिच्यातले एक वैशिष्ट्य आपल्या नजरेतून सुटते. त्यात नागिणीचा राग न्याय्य आहे. पहिला अपराध नांगराचा आहे, जरी तो अजाणता घडलेला असला तरी. इंग्रजी पुस्तकातल्या नागापाशी हे नव्हते आणि मुलांना नेमके हेच हवे होते. त्यांच्या नागाच्या पत्रकात, जिथे परक्या पुस्तकात 'धन किती' असे विचारलेले असते, तिथे त्यांनी लिहिले : 'राग कशाचा?'

त्यांच्या नागाचे नाव 'रानराखणा'. तो 'नागवळण' नावाच्या अरण्यात राहतो. हे नाव कुठून आले, ते म्हैसूरकरांना सांगायला नको. नागरहोळे म्हणजे सापासारखा वळसे घेत जाणारा ओढा. १९५५ साली अभयारण्य आणि १९८८ साली राष्ट्रीय उद्यान झालेले ते रान आपल्या मुलांनी सहलीत पाहिलेले आहे. रानराखण्याचा देह मात्र त्यांनी कल्पनेने रचला नाही. तो जीवशास्त्राच्या सरांकडून घेतला. पश्चिम घाटातला नागराज, कन्नडमधला काळिंग सर्प, हा शास्त्रज्ञांनी २०२४ साली स्वतंत्र जातीचा ठरवला आणि तिचे शास्त्रीय नाव या कन्नड शब्दावरूनच ठेवले. हा साप इतर सापांना खातो, देहाचा तिसरा हिस्सा जमिनीवरून उभा करतो, आणि त्याची मादी पालापाचोळा वेटोळ्यांनी ओढून आणून त्याचे घरटे रचते, अंड्यांची राखण करते. घरटे बांधणारा साप जगात हा एकच. सरांनी हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, "मग सर, पुस्तकवाल्यांनी माणसाचं तोंड कशाला लावलं?" याहून नेमकी समीक्षा मला सुचली नसती.

पहिल्या दिवशी हा रानराखणा पटावर आला आणि चौघांनी त्याच्यावर तलवारी, बाण, आगीचे गोळे, जे होते ते सारे टाकले. चौघेही मेले. मुले रुसली. खेळ अन्यायाचा आहे, असा निकाल लागला. तेव्हा आमच्या मराठीच्या बाईंनी त्यांना वनपर्वातली अजगराची कथा सांगितली. ती आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगते, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. वनवासात भीम एकटा शिकारीला जातो आणि एक प्रचंड अजगर त्याला वेढतो. दहा हजार हत्तींचे बळ असलेल्या भीमाला हातही हलवता येत नाही, कारण ज्याला तो धरील त्याचे बळ जाईल, असा त्या अजगराला वर आहे. हा अजगर म्हणजे नहुष राजा. इंद्रपदापर्यंत चढलेला, ऋषींना पालखीला जुंपलेला आणि अगस्तींच्या शापाने खाली कोसळलेला. भीमाला शोधत युधिष्ठिर येतो. अजगर त्याला प्रश्न विचारतो : ब्राह्मण कोणाला म्हणावे? जाणण्याजोगे काय? युधिष्ठिर सांगतो की सत्य, दान, क्षमा, दया हे गुण ज्याच्या ठायी असतील तो ब्राह्मण. हे गुण शूद्रात दिसले तर तो शूद्र नव्हे आणि ब्राह्मणात नसतील तर तो ब्राह्मण नव्हे. त्या उत्तराने भीम सुटतो आणि नहुषही सुटतो.

खेळ रचणाऱ्याच्या दृष्टीने ही कथा पाहा. संकट असे, की सर्वांत बलवान गडी त्याच्यापुढे सर्वांत निरुपयोगी ठरतो. सुटका फक्त संवादाने. आणि संकटाचीही सुटका त्याच संवादात दडलेली. व्यासांनी हे दोन हजार वर्षांपूर्वी रचून ठेवले आहे. त्यात फासाही नाही. मुलांनी नियम बदलला. रानराखण्याने वेढा घातला की त्या खेळाडूचे शस्त्रबळ शून्य. मग रानराखणा प्रश्न विचारतो. प्रश्न मुलांनीच लिहिले. त्यांतले दोन मी आपल्याला सांगते. 'तू ज्या वाटेने आलास, त्या वाटेवर काय मोडलेस?' आणि 'तुझ्या घरात कोणाची वस्तू परत करायची राहिली आहे?' दुसऱ्या प्रश्नावर एका मुलाने खरेच दप्तर उघडून मित्राची कंपासपेटी परत केली. हे मी सुभाषित म्हणून सांगत नाही, गंमत म्हणून सांगते.

त्याच सुमारास त्यांनी खांडववनाची कथा वाचली. कृष्णार्जुनांनी अग्नीला दिलेले ते रान, त्यातले पळणारे पशुपक्षी, तक्षकाच्या मुलाला वाचवताना मेलेली त्याची आई. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या दहनाकडे किती वेगळ्या नजरेने पाहिले आहे, हे मी नववीला वाचून दाखवले. तक्षक, परीक्षित, जनमेजयाचे सर्पसत्र आणि ते थांबवणारा आस्तिक ही सारी साखळी मुलांनी फळ्यावर काढली. मग एकाने विचारले, "म्हणजे बाई, महाभारत सापांच्या बाजूनं पण लिहिलंय?" मराठीच्या तासाला असा प्रश्न यावा, यासाठी शिक्षक वर्षानुवर्षे वाट पाहतात.

भाषेविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आपली मुले घरी एक मराठी, रस्त्यावर कन्नड आणि फोनवर इंग्रजी बोलतात. पहिल्या मसुद्यात रानराखणा 'खूप मोठा, खूप डेंजर आणि खूप फास्ट' होता. आठव्या मसुद्यात तो 'पाचोळ्यातून सळसळत येतो, वेटोळे सैल करतो, फणा उभारतो आणि क्षणभर नुसता डोलतो'. कात, फणा, वारूळ, फूत्कार, डूख धरणे हे शब्द त्यांनी आज्यांकडून आणले. 'डूख धरणे' त्यांना इतके आवडले की आठवडाभर शाळेत जो तो एकमेकांवर डूख धरून होता. एका मुलाने लिहिले, 'नाग त्याच्या हुत्तातून बाहेर आला.' हुत्त म्हणजे कन्नडमध्ये वारूळ. बाईंनी लाल शाई उचलली होती. मी म्हटले, राहू द्या. म्हैसूरच्या मराठी नागाचे एखादे हुत्त असायला हरकत नाही.

आता आक्षेपांविषयी. परीक्षेच्या वर्षात हे कशाला, हा आक्षेप मी फार वेळ न घेता बाजूला ठेवते. दहावीची मुले या खेळात नाहीत आणि दोन तासिका म्हणजे दोन तासिका.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. ज्यांच्या कुळात नागाला देवाचे स्थान आहे, अशा एका पालकांनी मला लिहिले की ज्याच्यापुढे आम्ही पिढ्यानपिढ्या हात जोडले, त्याला आमच्या मुलीने मॉन्स्टर म्हणायचे आणि फासे टाकून मारायचे, हे आम्हाला सहन होणार नाही. पत्र संयमी होते आणि त्यातले दुःख खरे होते. मी त्यांना शनिवारी बोलावले. ते दोन तास मुलांबरोबर बसले. रानराखण्याला मारण्याचा नियमच आता नाही, हे त्यांनी पाहिले. 'मॉन्स्टर' हा शब्द पत्रकातून काढावा, असे त्यांनी सुचवले आणि मुलांनी तो काढला. तिथे आता 'राखणदार' असे लिहिले आहे. तथापि, नागाचे भय खेळातून पुसून टाकावे, तो केवळ वंदनीय असावा, हे त्यांचे म्हणणे मला मान्य झाले नाही आणि मी ते त्यांना सांगितले. लोककथेतला नाग भीतिदायक आहे. चामुंडी टेकडीवरच्या महिषासुराच्या पुतळ्यापुढे उभे राहा. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात नाग. म्हैसूरचे प्रत्येक मूल त्या नागाला आधी घाबरते आणि मग त्याच्याबरोबर फोटो काढून घेते. ज्याला घाबरावे आणि ज्याच्यापुढे हातही जोडावेत, असे काहीतरी मुलांच्या जगात असावे, असे मला वाटते. आमचे पूर्ण एकमत झाले नाही. नागपंचमीच्या आठवड्यात खेळ बंद राहील, एवढे ठरले. त्यांची मुलगी इतर शनिवारी येते.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, पण ती सांगायलाच हवी. गेल्या पावसाळ्यात शाळेच्या कुंपणापलीकडे, जिथे इमारत उभी राहते आहे, तिथे साप निघाला. आमची मुले धावली. म्हैसुरात साप निघाला की स्नेक श्याम यांना फोन करायचा, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक असते. एक जण कार्यालयाकडे फोनसाठीच पळाला. पण मुले कुंपणाशी पोहोचली तेव्हा साप मेलेला होता. धामण होती, बिनविषारी, उंदीर खाणारी. मुले रडली, चिडली. दोघे-तिघे कामगारांना बोलायला निघाले होते, त्यांना सरांनी थांबवले. ज्या कामगाराने ती मारली, तो आमच्यासमोर उभा होता आणि त्याचे हात कापत होते. त्याची दोन लहान मुले त्याच शेडमध्ये जमिनीवर झोपतात.

सरांनी त्या दिवशी वर्गात आकडे सांगितले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यांतली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. कर्नाटक सरकारने २०२४ साली सर्पदंश हा नोंद करणे बंधनकारक असलेला आजार ठरवला, तो याच कारणाने. नाग दूध पीत नाही, मंत्राने विष उतरत नाही, दंश झाला की वेळ न दवडता रुग्णालय गाठायचे, हे सरांनी फळ्यावर लिहिले आणि खेळातही तसा नियम करायला लावला. रानराखण्याचा दंश झाला तर मांत्रिक कामाचा नाही. सहा डावांच्या आत वैद्यशाळा गाठायची.

पुढच्या शनिवारी खेळात एक नवी भूमिका आली. ती मुलांनी कोणाला न विचारता घातली. धनुर्धर, वैद्य, वाटाड्या यांच्याबरोबर आता एक मजूर असतो. त्याच्या हातात काठी आहे, त्याची मुले जमिनीवर झोपतात आणि रानराखण्याच्या प्रश्नांना त्यालाही उत्तर द्यावे लागते. ही भूमिका सर्वांत अवघड आहे, ती कोणीच आपणहून घेत नाही, म्हणून चिठ्ठी टाकतात. 'तू काय मोडलेस?' या प्रश्नावर मजुराने काय म्हणावे, यावर तीन शनिवार वाद झाला. तो अजून मिटलेला नाही आणि तो मिटवण्याची मला घाई नाही.

गिरीश कार्नाड यांचे 'नागमंडल' आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कार्नाडांचा जन्म माथेरानचा. ज्यांच्याकडून त्यांनी त्या नाटकातल्या लोककथा ऐकल्या, ते ए. के. रामानुजन म्हैसूरचे. त्या नाटकात एक गोष्ट येते : एका बाईला एक कथा ठाऊक असते, पण ती कोणालाच सांगत नाही, तेव्हा ती कोंडलेली कथाच तिच्यावर उलटते. आपल्या घरांतले राखणदार, सातेरी, शिराळ्याचे नाग असे किती दिवस कोंडून राहिले होते, कोण जाणे. मुलांनी विचारले म्हणून ते बाहेर आले. साठ वर्षांपूर्वी या शाळेत पाटी घेऊन बसलेली मंडळी आज इथे समोर बसली आहेत. आपल्याकडे असे आणखी किती असतील.

चहापानानंतर ग्रंथालयात पट मांडून ठेवला आहे. सूत्रधार नववीचा आहे. त्याला 'अरे-तुरे' केलेले चालते, पण खेळ सुरू झाल्यावर त्याचाच शब्द अखेरचा. मजुराची चिठ्ठी आज माजी विद्यार्थ्यांतूनच काढायची, असे मुलांनी ठरवले आहे. रानराखण्याच्या तोंडी घालायचे प्रश्न आजवर सतरा लिहून झाले आहेत. दाराशी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. आपल्या आजीने सांगितलेला नाग ज्यांना आठवत असेल, त्यांनी तो लिहून पेटीत टाकावा. शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत.